दिवस उलटे मोजताना

पाळी लांबली की बाई दिवस मोजायला लागते. मीही मोजले. बोटांवर मोजले, कॅलेंडरवर मोजले, मोबाइलमधल्या अ‍ॅपवर मोजले, रात्री जाग आली की अंधारात पडल्या पडल्या मोजले. बेरीज दर वेळी बरोबर यायची. फक्त ती चुकीच्या टोकाकडून चालली होती, आणि हे कळायला सदतिसावा दिवस उजाडावा लागला.

गोष्ट पाळी सुरू झाल्यापासून दहाव्या दिवशी रात्री सुरू झाली. कंडोम फाटला. लग्नाला नऊ वर्षं झालेली, घरात सहा वर्षांची मुलगी, दुसरं मूल नको हे दोघांचंही पक्कं ठरलेलं. अशा जोडप्याने गडबडून जायचं काही कारण नाही, असं बाहेरून कुणालाही वाटेल. आम्ही दोघं मात्र दिवा लावून बसलो होतो आणि एकमेकांकडे न बघता आपापला हिशेब करत होतो. सकाळी नवरा जाऊन तातडीची गर्भनिरोधक गोळी घेऊन आला. एकच गोळी, १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. तोवर नऊएक तास झाले असतील. खोक्यावर ७२ तास छापलेले, त्यामुळे आपण अगदी वेळेत आहोत या खुशीत मी ती घेतली. ७२ तासांची मुदत ही शेवटची मुदत आहे, तिच्या आत सगळे तास सारखेच नसतात, जितका उशीर तितका गोळीचा भरवसा कमी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लवकर घेतली ते नुसत्या घाबरटपणामुळे. कधीकधी घाबरटपणा कामाला येतो.

खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद होता. उलगडला तर हातभर लांब, अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मी तो वाचला, म्हणजे मळमळ, डोकेदुखी, थकवा, स्तन दुखणं इथपर्यंत वाचला. खाली कुठेतरी एक ओळ होती: पुढची पाळी काही दिवस लवकर किंवा उशिरा येऊ शकते. एवढंच. पुढचे चार आठवडे मी ज्यात घालवले, त्याला त्या कागदावर एक ओळ मिळाली होती. लवकर म्हणजे किती, उशिरा म्हणजे किती, कुणाची लवकर आणि कुणाची उशिरा, मधेच अंगावरून गेलं तर ते काय समजायचं, यातलं काहीही नाही. मळमळीला मात्र अख्खा परिच्छेद.

मला मळमळलं नाही. दुपारी जरा गरगरल्यासारखं झालं, ते झोपून उठल्यावर गेलं. नंतर पाच दिवस काही नाही. सतराव्या दिवशी सकाळी डाग दिसला.

तपकिरी, जुन्या रक्ताच्या रंगाचा. दुपारपर्यंत थोडं लाल. पॅड भरेल इतकं नाही, पण अंगावरून जातंय एवढं नक्की. ओटीपोटात हलकी ओढ. तीन दिवस असंच चाललं आणि थांबलं. मला केवढं हायसं वाटलं ते मी सांगू शकत नाही. पाळी आली! बारा दिवस आधी आली, कमी आली, पण आली. कागदावर लिहिलंच होतं की लवकर येऊ शकते. अ‍ॅप उघडून ‘पाळी सुरू’ वर बोट ठेवलं, अ‍ॅपनेही आज्ञाधारकपणे जुनं चक्र मिटवून नवीन चक्र सुरू केलं. पहिला दिवस. नवऱ्याला मेसेज केला. त्याचं उत्तर म्हणून एक हात जोडलेले चिन्ह आलं.

पुढे काय झालं ते मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही, इथे सांगते, कारण ते गाळलं तर या लेखाला काही अर्थ उरत नाही. एकविसाव्या दिवशी रात्री, पाळी नुकतीच संपलीय, हे तर हमखास सुरक्षित दिवस, अशा समजुतीत आम्ही काहीच वापरलं नाही. दहा दिवसांपूर्वीची ती भीती, ते दिवा लावून बसणं, सगळं विसरून.

मग बारा दिवस मी छान जगले.

तेहेतिसाव्या दिवशी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ताई स्त्रीरोग विभागात नर्स आहे, आणि तिच्याशी बोलताना कुठलाही विषय तिसऱ्या मिनिटाला गर्भाशयाकडे वळतो हे आम्हा बहिणींत चेष्टेने म्हणतात. मी सहज, गंमत सांगावी तसं, गोळीची हकिकत सांगितली. पाळी कशी पटकन येऊन गेली तेही सांगितलं.

“किती दिवस होती?” ताईने विचारलं.

“तीन. कमीच होती.”

“रंग?”

“तपकिरी. मधे थोडी लाल.”

“आणि गोळीनंतर कितव्या दिवशी?”

“सहाव्या.”

ती जरा थांबली. “अगं, ती पाळी नव्हती बहुतेक.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. कान बदलला की बातमी बदलते असं वाटतं का कोण जाणे, पण मी नेहमी असं करते.

ताई म्हणाली, गोळीतून एकदम मोठा डोस पोटात जातो. ते हार्मोन दोन-चार दिवस अंगात राहतं आणि मग उतरतं. गर्भाशयाचं अस्तर या हार्मोनांच्या आधाराने टिकून असतं, आधार अचानक दिला आणि अचानक काढला की थोडंसं अस्तर सुटतं, डाग दिसतात. शंभरातल्या कितीतरी जणींना असं होतं आणि त्यातल्या कितीतरी जणी त्यालाच पाळी समजतात. “खरी पाळी तुझी यायचीय अजून. तुझी तारीख कोणती होती, गोळी नसती घेतली तर?”

एकोणतिसावा दिवस. माझं चक्र अठ्ठावीस दिवसांचं, घड्याळासारखं. म्हणजे चार दिवस उलटून गेले होते आणि मला पत्ताच नव्हता.

“गोळीनंतर परत कधी विनासंरक्षण संबंध?” ताईने विचारलं, नेहमीच्या सुरात, पेशंटना विचारते तसं.

“नाही,” मी म्हणाले.

खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. ती गोळी आणि ‘पाळी’ यांच्या मधल्या दिवसांबद्दल विचारतेय असं माझ्या मनाने धरून टाकलं. त्या पाळीनंतरचं खातं वेगळं, ते या हिशेबात कशाला, असं काहीतरी. पण वाक्य तोंडातून बाहेर पडता पडताच कळलं की ती पाळीच नव्हती, तर खातं वेगळं कसं? आणि तरीही मी दुरुस्त केलं नाही. नऊ वर्षं संसार केलेल्या बाईने, आधीच एकदा घाबरून गोळी घेतल्यावर, दहा दिवसांत पुन्हा तेच करावं हे मोठ्या बहिणीला सांगायची लाज वाटली. नर्सला सांगता आलं असतं, पण ताई आधी ताई आहे.

“मग आजच टेस्ट कर,” ती म्हणाली. “त्या रात्रीला तीन आठवडे होऊन गेले ना? मग आज निगेटिव्ह आली तर त्या रात्रीचा प्रश्न मिटला समज. तीन आठवड्यांनंतरची निगेटिव्ह टेस्ट भरवशाची.”

फोन ठेवून मी अ‍ॅपमधली ती नोंद पुसली. ‘ही पाळी काढून टाकायची का?’ अ‍ॅपने विचारलं. हो म्हटल्याबरोबर नवीन चक्र नाहीसं झालं, जुनं पुन्हा उभं राहिलं आणि वर लाल अक्षरांत आलं: पाळी ४ दिवस उशिरा. एका मिनिटापूर्वी मी सतराव्या दिवशी होते, आता तेहेतिसाव्या.

टेस्ट निगेटिव्ह आली. एकच रेघ. (ही घरी करायची टेस्ट १९६७ साली मार्गारेट क्रेन नावाच्या एका ग्राफिक डिझायनरच्या डोक्यातून निघाली. ती एका औषध कंपनीत सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांवर काम करायची, तिथल्या प्रयोगशाळेत रांगेने मांडलेल्या परीक्षानळ्या बघून तिला वाटलं की हे बायकांना घरी का करता येऊ नये. बाथरूममध्ये त्या रेघेकडे बघत उभी असताना मला ही माहिती नव्हती, नंतर वाचली. पण तेव्हापासून ती मला कुणीतरी ओळखीची वाटते.)

ताईच्या हिशेबाने मी त्या रात्री शांत झोपायला हवं होतं. झोपले नाही, कारण ताईचा हिशेब माझ्या ‘नाही’वर उभा होता. मी स्वतःची समजूत घालत होते ती अशी: बीज चौदाव्या दिवशी सुटतं. एकविसावा दिवस म्हणजे त्यानंतर सात दिवस. बीज बाहेर पडल्यावर फार तर एक दिवस जगतं. तेव्हा एकविसावी रात्र सुरक्षित. चौदा, एकवीस, सात. हे आकडे मी जपासारखे म्हणायचे.

मराठीत ‘दिवस गेले’ म्हणजे गर्भ राहिला. त्या आठवड्यात ही म्हण मला फारच विचित्र वाटायला लागली. दिवस तर जातच होते, रोज एक, आणि प्रत्येक दिवस गेला की ‘दिवस गेले असतील का’ ही शंका एका दिवसाने मोठी व्हायची. लाल अक्षरातला आकडा ५ झाला, ६ झाला. नवरा म्हणाला, “टेन्शन घेऊ नकोस, टेन्शननेच लांबते.” त्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. ताण वाढला की मेंदूतून अंडाशयाकडे जाणारे इशारे मंदावतात आणि पाळी खरोखरच लांबू शकते. पण ज्या गोष्टीने टेन्शन आलंय तीच टेन्शनने वाढते हे सांगून कुणाचं टेन्शन कमी झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

या दिवसांत मी वाचत सुटले. आणि एक गोष्ट अशी सापडली की जी मला तेराव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवी होती.

पाळीचक्राचे दोन तुकडे असतात. पहिला पाळी सुरू झाल्यापासून बीज सुटेपर्यंत, दुसरा बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत. पहिल्या तुकड्यात अंडाशयात एक पुटिका, म्हणजे बीज पोटात धरून असलेली छोटी पिशवी, वाढत असते, तिच्यातून इस्ट्रोजेन स्रवतं. ते पुरेसं चढलं की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच या संप्रेरकाचा एक लोंढा सोडते, आणि त्यानंतर साधारण दीड दिवसात पुटिका फुटून बीज बाहेर पडतं. फुटलेली पुटिका वाया जात नाही. ती प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते आणि अस्तर धरून ठेवते. गर्भ राहिला नाही तर बारा-चौदा दिवसांत ती थकते, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटतं. ती पाळी.

यातला दुसरा तुकडा बहुतेक बायकांत फारसा हलत नाही. हलतो तो पहिला. कुणाचा दहा दिवसांचा, कुणाचा वीस दिवसांचा, एकाच बाईचाही एका महिन्यात असा आणि दुसऱ्या महिन्यात तसा. आपण ‘पाळी लांबली’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पाळी लांबलेलीच नसते, बीज उशिरा सुटलेलं असतं, आणि पाळी बिचारी त्याच्यानंतर आपल्या ठरलेल्या मुदतीला आलेली असते. २०१९ साली सहा लाखांहून अधिक पाळीचक्रांच्या नोंदी तपासून एक अभ्यास छापून आला. त्यात चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस निघाली, आणि बरोब्बर २८ दिवसांची चक्रं होती फक्त १३ टक्के. पहिला तुकडा सरासरी १६.९ दिवसांचा, दुसरा १२.४. शाळेच्या पुस्तकात काढलेलं ते सुबक वर्तुळ, अठ्ठावीस घरांचं, चौदाव्या घरात बीज, ते मला आयुष्यभर खरं वाटत आलं होतं.

आता गोळी नेमकं काय करते ते बघा. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनचं बनावट भावंड. एरवी प्रोजेस्टेरॉन वाढतं ते बीज सुटल्यानंतर. ते आधीच, आणि एवढं मोठं, रक्तात दिसलं की मेंदूची दिशाभूल होते: बीज सुटून गेलंय की काय! मग तो एलएचचा लोंढा सोडत नाही, किंवा पुढे ढकलतो. पुटिका तशीच थांबते, कधी काही दिवसांनी फुटते, कधी सुकून जाते आणि दुसरी पुटिका नव्याने वाढायला घेते. इतक्या दिवसांत वाट बघणारे शुक्राणू मरून जातात. त्यांचं आयुष्य गर्भाशयाच्या वाटेत जास्तीत जास्त पाच दिवस. सगळी युक्ती एवढीच आहे, दोघांची भेट चुकवायची.

म्हणूनच लोंढा एकदा सुरू झाला की या गोळीचा उपयोग जवळपास संपतो. आणि म्हणूनच ती गर्भपाताची गोळी नाही. रुजलेल्या गर्भाला ती काही करत नाही. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२२ मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकात बदल करून हेच स्पष्ट केलं, तोवर तिथल्या खोक्यावर ‘गर्भ रुजण्याला अडथळा करू शकते’ असा जुना मजकूर होता. एक चुकीचं वाक्य खोक्यावर किती वर्षं राहू शकतं, आणि आमच्या कागदावरची एक उपयोगाची ओळ किती आखूड असू शकते!

पाळी पुढे-मागे होण्याचं कोडंही इथेच सुटतं. गोळी चक्राच्या सुरुवातीला घेतली, पुटिका लहान असताना, तर सगळंच मोडून पाळी बऱ्याचदा लवकर येते. बीज सुटून गेल्यावर घेतली तर पाळी साधारण वेळेवर, किंवा थोडी उशिरा. मधल्या दिवसांत घेतली तर बीज सुटायच्या किती जवळ होतं यावर सगळं अवलंबून. बहुतेक जणींची पाळी अपेक्षित तारखेच्या आगेमागे आठवडाभरात येतेच. दुसरी एक गोळी आहे, युलिप्रिस्टल नावाची, ३० मिलिग्रॅमची. ती १२० तासांपर्यंत चालते आणि एलएच चढायला लागल्यावरही, शिखर गाठायच्या आत, बीज थोपवू शकते. ती घेतलेल्या बायकांची पाळी सरासरी दोनएक दिवस उशिरा येते. माझी होती लेव्होनॉरजेस्ट्रेल, जिच्यानंतर पाळी लवकर येण्याकडे कल जास्त. माझी लांबली. सरासरी ही आपल्याला कधी भेटत नाही, ती दुसऱ्या कुणाकडे तरी राहते.

ताईने नंतरच्या एका फोनवर बाकीचं भराभर सांगितलं. गोळी घेऊन दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. क्षयावरचं रिफाम्पिसिन किंवा फिटवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइनसारखी औषधं चालू असतील तर गोळीचा जोर कमी होतो, तसाच वजन जास्त असेल तरीही. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं. सगळ्यात खात्रीचा तातडीचा उपाय गोळी नाहीच, तांबी आहे. पाच दिवसांच्या आत बसवली तर ९९ टक्क्यांहून जास्त भरवसा, शिवाय पुढची कितीतरी वर्षं काळजी नाही. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर टेस्ट. आणि ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखलं, चक्कर आली, तर टेस्टची वाट न बघता दवाखाना, कारण क्वचित गर्भ नळीत राहतो. गोळीमुळे राहतो असं नाही. पण गोळी फसली असेल तर ही शक्यता विसरायची नाही.

“आमच्या आधीच्या नर्सबाई सांगायच्या,” ताई म्हणाली, “तेव्हा साध्या गर्भनिरोधक गोळ्याच जास्त संख्येने द्यायचे, बारा तासांच्या अंतराने दोनदा. बायका ओकून ओकून अर्ध्या व्हायच्या.” ही युझपे पद्धत, कॅनडाच्या अल्बर्ट युझपे या डॉक्टरांनी १९७४ साली मांडलेली. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची लेव्होनॉरजेस्ट्रेलशी तुलना केली तेव्हा युझपे पद्धतीत निम्म्या बायकांना मळमळलं, लेव्होनॉरजेस्ट्रेलने २३ टक्क्यांना. गर्भ राहण्याचं प्रमाणही ३.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आलं. मला गोळीबद्दल तक्रार नाही हे लिहून ठेवायला हवं. तिने माझं काही बिघडवलं नाही. तिचा अंमल काही दिवसांत संपतो, पुढच्या मूल होण्या-न होण्यावर तिचा परिणाम राहत नाही. माझी त्यापुढची पाळी एकतिसाव्या दिवशी आली आणि त्याच्या पुढची अठ्ठाविसाव्या, जणू काही झालंच नव्हतं. तक्रार आहे ती त्या एका ओळीबद्दल.

कारण गोळीचं जे काम आहे, बीज पुढे ढकलणं, त्याच्या पोटातच दुसरी गोष्ट आहे, आणि ती कागदावर ठळक अक्षरांत हवी होती. ढकललेलं बीज रद्द झालेलं नसतं. ते यायचं असतं. गोळी झालेल्या रात्रीचं बघते, पुढच्या रात्रीचं नाही; किंबहुना पुढच्या रात्री जास्त अवघड करून ठेवते, कारण आता बीज कधी सुटेल हे तुमच्या नेहमीच्या तारखांवरून सांगताच येत नाही. हे सगळं मी वाचत होते, मला शब्दन्‌शब्द समजत होतं, आणि तरी ते माझ्याबद्दल आहे हे डोक्यात शिरत नव्हतं. चौदा, एकवीस, सात.

छत्तिसाव्या दिवशी दुसरी टेस्ट केली. एकच रेघ. सदतिसाव्या दिवशी पहाटे चारला पोटात कळ आली आणि जाग आली. या वेळी तपकिरी वगैरे काही नाही. लाल, भरपूर, गाठी पडणारी, कंबर धरायला लावणारी पाळी. मुलगी झाल्यानंतर एवढी दुखलेली आठवत नाही. बाथरूमच्या फरशीवर बसून मी हसत होते. नवरा दाराबाहेरून “काय झालं? काय झालं?” विचारत होता, त्याला वाटलं रडतेय.

सकाळी ताईला फोन केला. तिने अभिनंदन केल्यासारखं “आली का!” म्हटलं आणि लगेच सवयीने हिशेब मांडला. “सदतीस ना? मग त्यातून तेरा-चौदा वजा कर. तेविसाव्या-चोविसाव्या दिवशी सुटलं तुझं बीज. बघ, गोळीने आठ-दहा दिवस ढकललं. छान काम केलं की!”

सदतीस वजा चौदा. एवढी वजाबाकी मी एकदाही केली नव्हती. करणं शक्यही नव्हतं म्हणा, सदतीस हा आकडा हातात आल्याशिवाय. तेवीस. आणि ती रात्र एकविसावी. मधे दोन दिवस. शुक्राणूंचे पाच.

पहिली रात्र, जिच्यासाठी आम्ही दिवा लावून बसलो होतो, ती गोळीने निभावून नेली. आणि जी रात्र आम्ही हमखास सुरक्षित म्हणून बेफिकीर घालवली ती बरोबर बीजाच्या वाटेवर होती. ते डाग आले नसते तर आम्ही सावध राहिलो असतो.

“ताई,” मी म्हणाले, “तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, गोळीनंतर परत काही...”

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “कितव्या दिवशी?”

“एकविसाव्या.”

“अगं,” ती म्हणाली, आणि पुन्हा थांबली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. “अगं, म्हणूनच विचारत होते.” मग पुन्हा नर्सचा आवाज आला. आता पाळी व्यवस्थित आलीय, गाठी आहेत, दुखतंय, म्हणजे बहुतेक काही नाही. पण एकदा रक्तस्रावाने फसवलंय. त्या रात्रीपासून एकवीस दिवस मोज आणि अजून एक टेस्ट कर. मला खात्री नसते तोवर मी पेशंटला सोडत नाही. आणि पाळी संपायच्या आत येऊन डॉक्टरांना भेट, तांबीचं बोलून घे.

एकवीस आणि एकवीस बेचाळीस. बेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे नव्या पाळीच्या सहाव्या दिवशी सकाळी, मी टेस्टचं पाकीट फाडत होते. रक्तस्राव आदल्या संध्याकाळीच थांबला होता. नवरा दात घासत होता, आरशातून माझ्या हाताकडे बघून त्याने ब्रश तोंडातून काढला.

“आता कशाला? आली ना पाळी?”

“तेव्हाही आली होती,” मी म्हणाले, आणि दार लावून घेतलं.